वरचा आणि बाबांची दुपारची झोप

आमच्या डोक्यावर राहणारा माझा मित्र तळमजल्यावर राहायला गेला, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. तळमजल्यावर म्हणजे आमच्याच इमारतीच्या नव्हे. वहिनींच्या गुडघ्यांना जिने झेपेनात, म्हणून ती दोघं दुसऱ्या गावी गेली, आगगाडीत बसून एक डुलकी, मग चहा, मग दुसरी डुलकी होईल इतक्या लांब. आम्ही घरात त्याला 'वरचा' म्हणायचो. तळमजल्यावर गेल्यावरही त्याचं नाव वरचाच राहिलं, आणि त्याच्या जागेत ज्या बाई राहायला आल्या त्यांना आम्ही 'नव्या वरच्या' म्हणू लागलो. नाव एकदा पडलं की पडलं, मग माणूस कुठल्याही मजल्यावर जाऊ दे.

वरच्याला जुन्या तबकड्यांवरचं व्हायोलिन जमवायचा नाद. ते सगळं संगीत त्याने एका काळ्या डब्यात भरून ठेवलं होतं आणि तो डबा चपलांच्या कपाटात, वरच्या खणात ठेवला होता. डबा अहोरात्र चालू असे. वरचा त्याला 'सर्व्हर' म्हणायचा आणि वहिनी 'सवत' म्हणायच्या. दुपारी जेवणं झाली, पडदे ओढले गेले, आणि भिंतीवर उन्हाचा एक तिरपा पट्टा तेवढा उरला, की वरचा त्या डब्यातून काहीतरी लावायचा. छतातून गाळून ते खाली आमच्याकडे यायचं, आणि आमचे बाबा झोपायचे.

बाबांनी उभी हयात फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली. लोकांना या काठावरून त्या काठावर पोचवायचं आणि स्वतः मात्र एकही काठ बघायचा नाही, असं ते काम. निवृत्त होताना त्यांनी बोटीवरचा एक लहान पाना घरी आणला. तो त्यांच्या उशाशी असतो. पलंगाच्या कडेने पाण्याचा जाड पाइप तळापासून गच्चीपर्यंत गेला आहे. आडवं होण्याआधी बाबा त्या पाइपवर पान्याने दोनदा ठोकत. टण्, टण्. लगेच वरून वरचा दोनदा पाय आपटे. धप्, धप्. मग बाबा भिंतीकडे तोंड करून जे झोपत ते चहाच्या वेळेपर्यंत.

ते ठोकणं म्हणजे 'आवाज कमी कर' आणि ते आपटणं म्हणजे 'नाही करत जा', असा माझा वर्षानुवर्षांचा समज. मला त्याची फार लाज वाटे. जिन्यात वरचा भेटला की मी म्हणायचो, "बाबांचं मनावर घेऊ नकोस रे." तो म्हणायचा, "छे छे, असू दे." मला वाटायचं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे.

वरचा गेला आणि लगेच नव्या वरच्या आल्या, त्या दिवशी बाबांनी नेहमीप्रमाणे ठोकलं. वरून काही नाही. पुन्हा ठोकलं. थोड्या वेळाने दारावरची घंटा वाजली आणि नव्या वरच्या दारात उभ्या. या बाई घरी बसून जाडजूड पुस्तकांच्या शेवटच्या सूची तयार करतात, एकट्या राहतात आणि घरभर लोकरीचे मोजे घालून चालतात. "माझा आवाज झाला का हो?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला त्यांना दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड गालिचा आणून अंथरला. वर जी काही उरलीसुरली हालचाल ऐकू येत होती तीही संपली.

तेव्हापासून बाबांची झोप उडाली. दुपारची गेली आणि तिच्या मागोमाग रात्रीचीही गेली. दुपारभर ते घरात हिंडत आणि न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करत. चांगली वाजणारी घंटा त्यांनी दुरुस्त केली. ती आता कुणी दाबल्याशिवाय वाजते. बायकोचं शिवणयंत्र दुरुस्त केलं; ते आता मागच्या दिशेने शिवतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या बाबांनी खिडकीतल्या कुंडीत पुरल्या. रोप मान टाकून गाढ झोपलं, बाबा जागेच. एके दिवशी उभ्या उभ्या पेंगून ते कपाटाच्या दारावर आदळले आणि कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं. त्या दिवशी आम्ही हसलो नाही. त्या वयाचा माणूस दिवसचे दिवस झोपला नाही तर पुढे काय होतं, हे विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. मी घाबरलो होतो.

"अहो, त्यांना ती गाणी हवीत," बायको म्हणाली. "त्या डब्याचं काहीतरी बघा."

मी वरच्याला फोन केला. तो खुलला. "सोप्पं आहे रे! तू तुझ्या लॅपटॉपवरून माझ्या डब्यात यायचं. तीन वाटा आहेत. कुठली हवी ती निवड."

तीन वाटा म्हटल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं. एक वाट असली की माणूस चालू लागतो. तीन असल्या की सल्ले घेत बसतो. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की सगळी गाणी एका पेनड्राइव्हवर घालून टपालाने का मागवत नाही. पण बाबांना आपण लावलेलं चालायचं नाही, वरच्याने त्याच्या लहरीने लावलेलंच हवं, असं मी तिला समजावलं. शिवाय दोन शिकलेल्या पुरुषांना सोपा उपाय कुणी सुचवला की तो आवडत नाही, हेही खरं.

पहिली वाट अशी: वरच्याच्या घरच्या इंटरनेटला एक दार उघडायचं आणि मी थेट आत जायचं. दुसरी: मधे एक परकी कंपनी बसवायची, आम्ही दोघांनी तिच्याकडे जायचं आणि तिने आमची गाठ घालून द्यायची. तिसरी: माझ्या घरापासून त्याच्या घरापर्यंत एक गुप्त बोगदा खणायचा, ज्यातून आम्हा दोघांखेरीज कुणी जाणार नाही.

मी जिन्यात ही गोष्ट काढली आणि चूक केली. शेजारचे कस्टमकाका, म्हणजे कस्टम खात्यातून निवृत्त झालेले काका, ताबडतोब म्हणाले, "मधली कंपनी! वाटेत तपासणी नाका हवाच. माल कुठून आला, कुठे चालला, कुणी बघायचं?" आमच्या खालच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत. ते हातमोजे काढत म्हणाले, "बोगदा. वरून काही दिसायला नको, काम आत व्हायला हवं. दुखणारही नाही." माणूस जन्मभर जे करतो तेच दुसऱ्याला करायला सांगतो. वरच्याला स्वतःला दार उघडं ठेवायची हौस, कारण त्याच्याकडे फारसं कुणी जात नाही. मी मित्राला मान दिला आणि पहिली वाट धरली.

तर दार उघडेना. वरच्याच्या इंटरनेट कंपनीचं मुख्य कार्यालय आमच्याच गावात, म्हणून मी गेलो. ती एक लांबलचक, अर्धवट झोपलेली खोली होती. वर पंखा फिरत होता, खाली कागद हलत होते, आणि खिडकीमागच्या बाईंचा आवाज असा मऊ की ऐकता ऐकता माझ्या पापण्या जड झाल्या.

"तुमच्या मित्राला स्वतःचा पत्ता नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्या गल्लीला मिळून एकच पत्ता आहे. बाहेरचा माणूस गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. पुढे कुणाकडे जायचं ते त्याला कळत नाही."

"मग त्याला वेगळा पत्ता द्या."

"त्यासाठी ग्राहकाने अर्ज करायचा."

"ग्राहक दुसऱ्या गावी आहे."

"मग त्या गावच्या कार्यालयात."

"ते म्हणतात, मुख्य कार्यालयात जा."

"बरोबर सांगितलं त्यांनी," बाई कौतुकाने म्हणाल्या. "मुख्य कार्यालय हेच."

"म्हणून तर मी आलोय!"

"पण तुम्ही ग्राहक नाही."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मी आभार मानून जिना उतरलो आणि रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की काम झालेलं नाही.

मग वरच्याचं अधिकारपत्र आलं. अर्जात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'वडिलांची दुपारची झोप.' बाई म्हणाल्या, कारणं तीनच असतात: धंदा, शिक्षण नाहीतर आजारपण. मी आजारपण म्हटलं. मग डॉक्टरांचा दाखला हवा. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले की झोपेसाठी मी गोळ्या देतो, पत्ते देत नाही. शेवटी खालचे दातवाले धावून आले. त्यांनी आपल्या छापील कागदावर लिहून दिलं, 'सदर गृहस्थांच्या तोंडात एकही दात शिल्लक नसून त्यांना दुपारी झोपेची नितांत आवश्यकता आहे.' बाईंनी तो कागद बराच वेळ वाचला. मग इकडेतिकडे पाहून शिक्का मारला आणि हळूच म्हणाल्या, "झोप लागली तर मला येऊन सांगा हं. आमच्याकडेही वडील आहेत."

दार उघडलं. मी लॅपटॉप मांडून बसतो न बसतो तोच वरच्याचा फोन. "अरे, तू यायच्या आधीच शेकडो लोक येऊन कडी वाजवून गेले! कुठल्या कुठल्या देशांतून!" डब्यात प्रत्येक आगंतुकाची नोंद होत होती आणि तो ती हरखून वाचून दाखवत होता. कुणीतरी वेगवेगळ्या नावांनी शंभर वेळा आत शिरायचा प्रयत्न केला होता. तेवढ्यात वहिनींनी फोन ओढून घेतला. "भाऊजी, सख्खी नणंद वर्षातून एकदा फिरकत नाही, आणि ही कोण कुठली माणसं एकसारखी दार वाजवतायत. ते बंद करा. मला आंघोळीला जायची भीती वाटते." दार बंद झालं. दातवाल्यांचा दाखला वाया गेला, याचं त्यांना माझ्याहून जास्त वाईट वाटलं.

मग कस्टमकाकांची मधली कंपनी. ती लगेच जमली आणि काका आमच्या घरी खुर्ची टाकून बसले. बाबा आडवे झाले. व्हायोलिन सुरू झालं. चार सूर आले आणि थांबले, पडद्यावर एक लहानसं चाक गरगर फिरू लागलं. पुन्हा दोन सूर, पुन्हा चाक. वरच्याच्या घरातला सूर आधी तिसऱ्याच देशात जात होता आणि तिथून आमच्याकडे निघत होता, असा शोध लागला. "नाक्यावर गर्दी असणार," काका समजूतदारपणे म्हणाले. बाबा उठून बसले आणि त्या चाकाकडे टक लावून पाहू लागले. "चाक फिरतंय," ते म्हणाले, "पण बोट हलत नाही." आणि चप्पल घालून ते स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला गेले.

उरला बोगदा. वरच्याने लिहून कळवलं, 'तुझ्या लॅपटॉपवर दोन किल्ल्या तयार होतील. दोन्ही म्हणजे अक्षरांच्या लांब माळा. पहिली मला फोनवर सांग. दुसरी जिवात जीव आहे तोवर कुणाला सांगायची नाही.' फोनची रेंज आमच्याकडे त्यातल्या त्यात बरी जिन्याच्या वळणावर येते. तिथे उभा राहून, लॅपटॉप कठड्यावर टेकवून, मी खणखणीत आवाजात किल्ली सांगू लागलो. "मोठा क्यू. लहान आर. सात. मोठा झेड..." खाली दातवाल्यांकडे थांबलेली माणसं एकेक करून बाहेर आली. "मोठा झेड की लहान?" गालात कापूस कोंबलेल्या एका आजींनी विचारलं. वरच्याला फोनवर नीट ऐकू येईना तेव्हा सगळ्यांनी मिळून एका सुरात सांगितलं. कस्टमकाकांनी ती माळ पाठ केली, पुढेमागे लागेल म्हणून. एकूण फार सुंदर कार्यक्रम झाला. शेवटच्या अक्षरानंतर वरचा म्हणाला, "अरे, ही तर दुसरी किल्ली."

मी दावे तपासताना लोकांना नेहमी विचारतो, 'एवढंही कळलं नाही का हो तुम्हाला?' हे वाक्य मी त्या दिवसापासून सोडून दिलं आहे.

नव्या किल्ल्या पाडल्या, या वेळी खोलीत दार लावून, लेखी. बोगदा तयार झाला. दुपारी व्हायोलिन सुरू झालं आणि मी सांगतो, इतकं स्वच्छ व्हायोलिन आमच्या घराने कधी ऐकलं नव्हतं. एक सूर तुटला नाही. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ बसले होते.

"हा माणूस किती सुरेख वाजवतो रे!" ते म्हणाले. "इतकी वर्षं नीट ऐकलंच नव्हतं."

आणि चहाच्या वेळेपर्यंत ते ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हा वादक कुठे घाई करतो ते दाखवून दिलं. डोळे लाल, कपाळावरचं टेंगूळ आता पिवळं पडलेलं, आणि झोपेचा पत्ता नाही. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. तिन्ही वाटा संपल्या होत्या. मला रडू आलं, ते बायकोने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मी वरच्याला म्हटलं, बहुधा आवाजात काही दोष असेल. तो म्हणाला, "आपण बोगद्यातूनच बोलणं चालू ठेवू. मी इथे माइक लावतो. तू लॅपटॉप बाबांच्या खोलीत असू दे. गाणं बंद करतो, डबा उघडून बघतो, मग सांगतो." बाबा पलंगावर बसलेले, मी खुर्चीत. ऊन नेहमीच्या तिरप्या पट्ट्यात भिंतीवर आलं होतं. लॅपटॉपमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सपातांचा फटक फटक. वरचा खोकला. कुणीतरी कपात चमचा ढवळला, बराच वेळ ढवळला. वहिनींचा आवाज लांबून आला, "पुन्हा तो डबा उघडलात?" कपाटाचं दार करकरलं. चपला पडल्या, एक, मग जरा वेळाने दुसरी.

मला स्वप्न पडलं. मी पायजम्यावर बोगद्यात उभा होतो, काखेत लॅपटॉप. भिंती मऊ होत्या, लोकरीच्या मोज्यांच्या. पुढे दातवाले कपाळाला दिवा बांधून चालले होते आणि म्हणत होते, "आ करा, अजून मोठा आ करा," आणि बोगदा मोठा होत होता. वळणावर टेबल मांडून कस्टमकाका बसले होते. त्यांनी माझी किल्ली म्हणून दाखवली आणि मला सोडलं. खिडकीतल्या बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "मुख्य कार्यालय हेच." आणि बोगद्याच्या छतावरून, खूप उंचावरून, कुणाचीतरी पावलं निवांत इकडून तिकडे जात होती. मला इतकं सुरक्षित लहानपणानंतर कधी वाटलं नव्हतं.

जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा भिंतीवरून जमिनीवर उतरला होता. लॅपटॉपमध्ये वरचा अजून कुठेतरी खुडबुडत होता. आणि पलंगावर बाबा, तोंड उघडं टाकून, पाना हातात धरून, घोरत होते. दारात बायको उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघं तिथेच उभे राहून आपल्या घोरणाऱ्या माणसाकडे पाहत राहिलो.

बाबा उठले ते दिवेलागणीला. मी विचारलं, "गाणं नव्हतं, तरी झोप कशी लागली?"

"गाणं कुणाला हवंय?" बाबा म्हणाले. "बोटीवर आम्ही पाळीने खालीच झोपायचो. डोक्यावर माणसांची पावलं वाजत असली की समजायचं, बोट चालली आहे, सगळं ठीक आहे. वर एकदम शांत झालं की कितीही गाढ झोपलेला माणूस उठून बसायचा. शांत झालं म्हणजे काहीतरी बिघडलं."

"आणि ते पाइपवर ठोकणं?"

"खाली ठीक आहे, असं सांगायचं. मग वरून कुणीतरी दोनदा पाय आपटायचा. म्हणजे वरही ठीक आहे."

"म्हणजे ते 'आवाज कमी कर' नव्हतं?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झालो. "आवाज कमी करून कसं चालेल, गाढवा?" ते म्हणाले. मग जरा वेळ पान्याकडे बघत राहिले. "मला ठाऊक आहे तो वर नाही ते. मी काही भ्रमिष्ट झालो नाही. पण दुपार झाली की त्याची फार आठवण येते रे."

मी जिन्याच्या वळणावर जाऊन वरच्याला सगळं सांगितलं. "म्हणजे तुला ते ठाऊकच नव्हतं?" तो थक्क झाला. "मला बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं." मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, इथे आल्यापासून जेवण झालं की हे खोलीत मधोमध उभे राहतात. कान लावून. मी विचारते, काय हरवलं? तर म्हणे, काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून नवी व्यवस्था झाली. बोगदा कायम चालू. वरच्याच्या बैठकीत, चपलांच्या कपाटावर माइक. आमच्याकडे लॅपटॉप बाबांच्या डोक्यावरच्या माळ्यावर, अगदी छताला टेकून, जुन्या रजईत गुंडाळून, कारण उघडा ठेवला तर वरचा फार जवळ आल्यासारखा वाटे आणि बाबा म्हणत, "हा माणूस माझ्या पलंगावर बसलाय." रजईत घातल्यावर तो बरोबर एक मजला वर गेला. जेवण झालं. बाबांनी ठोकलं. टण्, टण्. आवाज बोगद्यातून जायला-यायला जरा वेळ लागतो, तेवढा वेळ बाबा पाना उचलून तसेच थांबले. मग माळ्यावरून, रजईतून, आगगाडीतल्या दोन डुलक्यांइतक्या लांबच्या तळमजल्यावरून आलं: धप्, धप्. बाबा भिंतीकडे वळले. मी त्या कार्यालयात जाऊन खिडकीतल्या बाईंना सांगून आलो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका दुपारी आमची घंटा आपली आपण न वाजता कुणीतरी दाबल्यावर वाजली, म्हणून मी चकित होऊन दार उघडलं. दारात नव्या वरच्या. हातात सूचीचे कागद, पायात मोजे, चेहरा पांढरा.

"कसं सांगू कळत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या फरशीखाली कुणीतरी खोकतं."

मी दार पूर्ण उघडलं.

"आधी वाटलं, मला भास होतोय. पण परवा खालून एक बाई म्हणाल्या, 'ओल्या पायांनी आत येऊ नका.' मी आंघोळ करून येत होते. मी कितीतरी वेळ बाहेरच उभी राहिले हो."

मी त्यांना आत बसवून सगळी कहाणी सांगितली: दार, दाखला, चाक, किल्ली, बोगदा, बोट. सांगता सांगता मला माझंच सगळं खोटं वाटू लागलं. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो फेटाळला असता. बाई ऐकत होत्या. आतून बाबांचं घोरणं आणि माळ्यावरून वरच्याचं चमचा ढवळणं येत होतं.

"आम्ही लॅपटॉप खाली घेतो," मी म्हटलं. "तुम्हाला त्रास नको." म्हणालो खरा, पण जागचा हललो नाही. खाली घेतला की बाबांची झोप गेलीच.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू द्या तिथेच." मग बराच वेळ त्या छताकडे, म्हणजे स्वतःच्याच घराकडे, बघत बसल्या. "मी तो गालिचा अंथरला ना, तेव्हापासून दुपारी मलाही घर फार मोठं वाटायला लागलंय," त्या म्हणाल्या आणि कागद सावरत वर गेल्या. जाताना नेहमीप्रमाणेच त्यांची पावलं वाजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. पडदे ओढले. बाबांनी पाइपवर ठोकलं. टण्, टण्. पाना उचलून ते थांबले. माळ्यावरून, रजईतून, आलं: धप्, धप्. बाबा भिंतीकडे वळले, डोळे मिटले. मी दार लोटून घेणार, तेवढ्यात त्याच्याही वरून, खऱ्याखुऱ्या छतातून, गालिचा गुंडाळून ठेवलेल्या फरशीवरून, लोकरीच्या मोज्यांतून, बिचकत बिचकत आलं: थप्. आणि जरा वेळाने, थप्.

बाबांनी एक डोळा उघडला.

"बोटीला आणखी एक मजला चढवलेला दिसतोय," ते म्हणाले.

"हो बाबा."

"मग सावकाश न्या म्हणावं," बाबा म्हणाले, आणि पाना उशाखाली सरकवून झोपी गेले.